घर, डबे, नवरात्र, उत्तरायण आणि २१ किमी: सराव बसवायचा कसा?

सकाळची_पाळी
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ७ तारखेला, २१ किमी धावायचं असं धरून आम्हा दोघांना सराव सुरू करायचा आहे. सध्या दोघांनाही न थांबता ५ किमी जमतं. घर बडोद्यात, मांजलपूरला. दोन मुलं, शाळेची व्हॅन ६:४० ला, सासूबाई सोबत, दोघांचीही नोकरी. सकाळी एका वेळी एकालाच बाहेर पडता येईल. शिवाय मधे नवरात्र, दिवाळी, उत्तरायण (पतंगांची संक्रांत).

इंटरनेटवरचे तक्ते एकट्या माणसासाठी केलेले दिसतात. त्यात डबा नाही, पाण्याची वेळ नाही, पाहुणे नाहीत. कोण किती वेळात धावलं ते नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे बिघडतं, ते लिहा.

गणिती_गोत्री
शेवटाकडून मोजत या. ७ फेब्रुवारीला संपणारे १६ आठवडे धरले तर पहिला सोमवार १९ ऑक्टोबरचा. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण उशिरा आहेत: नवरात्र ११ ऑक्टोबरपासून, दसरा २० ला, दिवाळी रविवारी ८ नोव्हेंबरला. म्हणजे गरबा संपतो तिथे सराव सुरू, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवाळी आणि तेराव्यात उत्तरायण.

हे अडथळे वाटतात, पण नीट बसवले तर उपयोगी आहेत. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचंच असतं. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या मात्र महिने घेतात. दम आहे म्हणून पळत राहिलं की नडगी आणि टाच बोलायला लागतात. तर हा हलका आठवडा सणावर आणून ठेवा. आठवड्यातला लांब पल्ला किलोमीटरमध्ये असा:

६, ७, ६ (दिवाळी), ७, ९, १०, ८, ११, १३, १४, १०, १६, ११ (उत्तरायण), १८, १२ आणि मग शर्यत.

बाकी आठवड्यात दोनच दिवस, ५-५ किमी. सहाव्या आठवड्यापासून ६-६. सगळं मिळून साडेतीनशे किमीच्या आसपास जातं. सरावात पूर्ण २१ धावायची गरज नाही. १८ झाले की उरलेले तीन ताज्या पायांवर आणि रस्त्यावरच्या गर्दीच्या जोरावर होतात. उलट दोन आठवडे आधी २१ धावलं तर तो थकवा शर्यतीपर्यंत पुरता उतरत नाही.

वासी_उंधियू
उत्तरायण म्हणजे १४ आणि १५ दोन्ही धरा. यंदा गुरुवार-शुक्रवार आहे, म्हणजे धाब्यावरून लोक रविवारीच उतरणार.

पहाटवारा
मूळ प्रश्न दोघांचा आहे, त्यामुळे आधी दिवस वाटून घ्या. एकाचे मंगळ, गुरू आणि शनिवारी लांब पल्ला. दुसऱ्याचे सोम, बुध आणि रविवारी लांब पल्ला. शुक्रवारी कोणीच नाही. शनिवारी मुलांची शाळा असेल तर शनिवारवाल्याने पहाटे ४:४५ ला निघायचं, किंवा पंधरा-पंधरा दिवसांनी शनि-रवि बदलून घ्यायचे. दर रविवारचा घरातला नाश्ता एकाच माणसाने कायम चुकवला की आठव्या आठवड्यात घरात धुसफूस होते आणि सराव त्यातच मोडतो. त्यामुळे ही अदलाबदल कॅलेंडरवर लिहून स्वयंपाकघरात लावा.

मधल्या दिवसांचं गणित: ५:०५ ला बाहेर, ५:५० ला आत. दार उघडल्यावर आंघोळीआधी पाच मिनिटं तरी लागतात, ती धरा. जो घरात आहे त्याने कणीक, डबे, बाटल्या. कणीक आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळची बारा मिनिटं वाचतात. ही बारा मिनिटं म्हणजे जवळपास दोन किलोमीटर.

गजर फोनवर नको, सगळं घर उठतं. मनगटातल्या घड्याळाचा फक्त थरथरणारा गजर ठेवा. कपडे, मोजे, किल्ली बाथरूमच्या खुंटीवर. बूट दाराबाहेर, पण घालण्याआधी उलटे करून आपटा. पावसाळा संपताना त्यात काहीही बसलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. मंगळवार गेला तर गेला. तो बुधवारी घुसवला की गुरुवारचे पाय जड आणि घरची सकाळ दोनदा विस्कटते. आठवड्यात एकच गोष्ट टिकवायची असेल तर लांब पल्ला टिकवा.

सायंतारा
संध्याकाळ का नको? ७ ते ८ या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, तेव्हा एकजण सहज निघू शकतो.

पहाटवारा
@सायंतारा, डिसेंबर-जानेवारीत जरूर. पण ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलं असतं आणि ओल्ड पादरा रोड, रेसकोर्स रोडवर वाहनांचा धूर तोंडाशी असतो. उशिरा जोरात धावलं की झोप लागायलाही उशीर होतो. झोप साडेसहा तासांच्या खाली सलग तीन दिवस गेली, तर चौथ्या दिवशी धावण्याऐवजी झोपा. दुखापत बऱ्याचदा तिथूनही येते.

डबेवाली_आई
ताई, अंधारात एकट्या बाईने निघायचं तर एक गोष्ट ठरवून टाका: लांब एकरेषीय रस्ता नको, फेरी हवी. घरापासून अडीच किमीच्या आत राहणारी फेरी असली की मूल रडत उठलं, तब्येत बिघडली, कुत्रं मागे लागलं, तरी वीस मिनिटांत घरी. रविवारी मुलांना घेऊन कामाठीबागेत जा. बागेच्या वाटा मातीच्या आणि फरशीच्या दोन्ही आहेत, एकजण धावतो, दुसरा मुलांजवळ, मग पाळी बदलते.

रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने धावा. फक्त रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एकच पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचा गुडघा किंवा कंबर दुखते. मोकळा, दुभाजक असलेला किंवा सपाट पट्टा मिळाला की मधे या.

कामाठीबागेतली_खार
पावसाळा रेंगाळला तर विश्वामित्रीच्या काठाची पायवाट टाळा. मगरी आहेत, आणि पाणी वर आलं की त्या काठ सोडून वर येतात. थंडीत त्या उन्हाला पडतात, तेव्हा लांबून दाखवायला मुलांना न्या.

दमसास
वेगाबद्दल अजून कोणी बोललं नाही. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे चुकतो: प्रत्येक वेळी जरा जोरात धावतो. लांब पल्ला आणि मधला निदान एक दिवस इतक्या हळू व्हायला हवा की पूर्ण वाक्य बोलता येईल. तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे.

याची घरगुती परीक्षा फार चांगली आहे. मुलाला सायकलवर शेजारी घ्या आणि त्याने विचारायचं, आई, सतराचा पाढा. सतरा एके सतरा ते सतरा दाहे एकशे सत्तर न अडखळता, मधे न धापता म्हणता आला तर वेग बरोबर. सतरा सक्कं एकशे दोनला थांबून श्वास ओढावा लागला तर हळू करा. मुलाचा पाढाही पक्का होतो. सायकलवर मुलाच्या डोक्यावर हेल्मेट हवं, आणि त्याने तुम्ही आणि रस्त्याची कड यांच्या मधे चालवायचं. हे बागेत किंवा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरच, हमरस्त्यावर नाही.

सायंतारा
सतराचा पाढा आवडला. आमच्याकडे एकोणिसाचा चालेल का?

दमसास
चालेल, पण एकोणीस साते एकशे तेहतीसला बहुतेकजण थांबतात ते श्वासामुळे नाही.

नवलखी_मैदान
@गणिती_गोत्री, तक्ता चांगला आहे, पण दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळीकडे सांगतात. तुमच्यात ७ वरून ९, ८ वरून ११, शेवटी ११ वरून १८ आहे. हे कसं बसतं?

गणिती_गोत्री
बरोबर प्रश्न. दहा टक्के हा मोघम अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे. ६ किमीचे दहा टक्के म्हणजे ६०० मीटर. मधले हलके आठवडे धरले तर अशाने सोळा आठवड्यांत पोचणार नाही. तुलना आधीच्या सगळ्यात लांब पल्ल्याशी करा, मधल्या हलक्या आठवड्याशी नको. मग ८ वरून ११ नसून १० वरून ११ आहे, आणि १६ वरून १८. त्या नजरेने पाहिलं तर कुठेच दोन किमीपेक्षा मोठी उडी नाही. पण नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबून एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, तर तक्ता बाजूला ठेवा. लांबट भागात ठणका असेल तर आठवडाभर अंतर निम्मं. एकाच बोटभर जागी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे.

गरबा_थाळी
नवरात्र कोणी मोजलंच नाही! नऊ रात्री, रोज दोन-अडीच तास, बऱ्याच मैदानांत अनवाणी. हे धावण्याइतकंच, काही बाबतींत जास्त आहे. गोल फिरण्यात एकच पाय सतत बाहेरून ढकलतो, टाच उचललेली राहते, पोटऱ्या आणि तळव्याची पट्टी ताणली जाते. त्यावर पहाटे पाच किमी टाकले की दसऱ्याला सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाचेत खिळ्यासारखं लागतं.

म्हणून: गरबा खेळायचा त्या दिवशी धावायचं नाही. नऊ दिवसांत दोनदा, गरबा नसेल तेव्हा, अर्धा तास सैल धावा, बस. रात्री घरी आल्यावर तळवे थंड पाण्यात दहा मिनिटं. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच मिनिटं फिरवा. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच हाताने पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा, तीस सेकंद, तीन वेळा. सराव दसऱ्यानंतरच्या गुरुवारी सुरू झाला तरी काही बिघडत नाही.

ओट्याशी_उभी
ताकदीचे व्यायाम वेगळा वेळ काढून कोणी करत नाही, म्हणून ते घरातल्या कामांना बांधा.

दूध तापत असताना ओट्याला हात टेकून टाचा उचला: दोन सेकंद वर, तीन सेकंद खाली, १५ वेळा. दूध वर येईपर्यंत दोन फेऱ्या होतात. दोन आठवड्यांनी एका पायावर. गुडघा सरळ ठेवून एक फेरी आणि किंचित वाकवून एक, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे काम करतात आणि लांब पल्ल्यात आतल्या, खालच्यावर जास्त भार येतो.

दात घासताना एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्या. मुलांना ही स्पर्धा लावली तर तीही करतात.

जिन्याच्या पायरीवर चवडे, टाच बाहेर. दोन पायांनी वर, एका पायाने सावकाश खाली, १२ वेळा. टाचेच्या दोरीसाठी हे फार चांगलं. कठडा धरा.

रात्री मुलांना गोष्ट सांगताना जमिनीवर पाठीवर झोपून कंबर उचलणं, १२ च्या दोन फेऱ्या. गुडघ्याच्या बाहेरून दुखणं बऱ्याचदा नितंबाचा स्नायू ढिला असल्याने येतं. आठवड्यात तीन दिवस पुरे.

शूलेस
बूट. आत्ताच घ्या, जानेवारीत नाही. एक जोड ५०० ते ८०० किमी चालतो, म्हणजे या सरावासाठी आणि शर्यतीसाठी एकच जोड पुरतो. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. धावायचे मोजे घालूनच बघा. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बहुतेकांना रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. लहान झाला की नख काळं पडतं, मोठा झाला की टाच आत सरकते आणि फोड.

टाच सरकत असेल तर बूट बदलण्याआधी लेस बदला. सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, ते यासाठीच आहे. प्रत्येक बाजूची लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे एक छोटा फास तयार होतो. मग उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्यातून, आणि खालच्या दिशेने ओढून गाठ. घोटा घट्ट धरला जातो, पंजा मोकळा राहतो.

सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात. मांड्यांना, काखेत, पुरुषांनी स्तनाग्रांवर, पेट्रोलियम जेली लावा. १० किमीच्या पुढे घासून रक्त येतं. भिजलेले बूट उन्हात किंवा मशीनच्या ड्रायरमध्ये नको, चिकटवलेला तळ सुटतो. आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बोळे बदला.

वासी_उंधियू
खाण्याचं सांगा कोणीतरी. सासूबाई रिकाम्या पोटी जाऊ देणार नाहीत, हे नक्की.

खिचडी_मऊ
सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. तासाभराच्या सैल धावण्याला रिकामं पोट चालतं, पाणी पिऊन निघा. ८० मिनिटांच्या पुढे मात्र काहीतरी हवं, कारण शरीरात साठवलेली साखर मर्यादित असते आणि दीड-दोन तासांनी पाय अचानक शिशाचे होतात. निघण्याआधी ३० ते ४५ मिनिटं एक केळं (सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं) किंवा मध लावलेली पोळी. दुधाचा चहा ज्यांना शौचाला लावतो त्यांनी तो उठल्याबरोबर घ्या, दारातून निघताना नको.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम. मऊ खजूर बिया काढून, गुळाचे खडे, नाहीतर सरबत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की धावताना घेऊ नका, शेंगदाण्याचं तेल पोटात रेंगाळतं आणि दातांत अडकलेला कण श्वासाबरोबर घशात जातो. घरी आल्यावर खा.

आदल्या रात्री साधा वरणभात किंवा मऊ मुगाची खिचडी. उंधियूत पापडी, कंद आणि वाटीभर तेल असतं. दुसऱ्या सकाळी बाराव्या किलोमीटरला ते कळतं. शेवउसळही तशीच, वाटाणा आणि तर्री दोन्ही. दसऱ्याचं फाफडा-जिलबी धावून आल्यावर खुशाल.

नवरात्राचे उपवास करणाऱ्यांनी लांब पल्ला त्या दिवसांत नकोच. सैल धावायचं तर आधी केळं, नंतर रताळं, राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. निर्जळी असेल तर धावू नका.

ताक_पाजा
पाण्याबद्दल घरात दोन टोकं असतात: कोणी थेंब पीत नाही, कोणी प्रत्येक वळणावर पितं. दोन्ही वाईट. मोजून बघा. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट चालते: ६० किलोला १ किलो २०० ग्रॅम. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त प्यायलात. नुसतं साधं पाणी खूप प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, माणूस गोंधळतो. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, डॉक्टर गाठा.

सोपं पेय: अर्धा लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, पाव चमच्याच्या निम्मं मीठ, अर्धं लिंबू. ओआरएस वापरायचं तर पूर्ण पुडी एक लिटरमध्येच. अर्धी पुडी अंदाजाने नको. दुकानातल्या गोड डब्यांना ओआरएस समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर तो शब्द छापायला मनाईच केली. घरी आल्यावर जिरं-मीठ घातलेलं ताक, दोन ग्लास.

नवी_आई
बाळ चार महिन्यांचं आहे. कधीपासून सुरू करता येईल?

फिजिओ_रावपुरा
बारा आठवड्यांच्या आत धावणं नकोच, त्यानंतरही दिवस मोजून नाही, शरीर बघून. या गोष्टी जमतात का पाहा: ३० मिनिटं भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, एका पायावर १० उड्या, जागेवर एक मिनिट धावणं. यात लघवी गळणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं, ओटीपोटात किंवा टाक्याजवळ दुखणं, काहीही असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओ. ते सामान्य आहे म्हणून सोडून देऊ नका, बरं होतं.

सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. बाळाला पाजून निघा, म्हणजे छाती जड राहत नाही. घट्ट आधाराची ब्रा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. दम लवकर लागण्याचं कारण अनेकदा तिथे असतं. फेब्रुवारीचे २१ सोडा, ५ किमीला या. नवी आई झोपेच्या बाबतीत रोजच शर्यत धावत असते.

आजोबा_मांडवी
वय ६६, मधुमेहाच्या गोळ्या चालू. मुलगा-सून धावतात. त्यांच्याबरोबर ५ किमी चालावं असं मनात आहे.

फिजिओ_रावपुरा
काका, जरूर. आधी डॉक्टरांना विचारून रक्तदाब, ईसीजी आणि त्यांना वाटली तर ट्रेडमिल चाचणी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या असतील तर डोस-वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. निघण्याआधी साखर मोजा. खिशात ग्लुकोजची पावडर. हात थरथरले, घाम सुटला, तर थांबा, १५ ग्रॅम साखर (तीन चमचे) पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. घरी आल्यावर तळवे आरशात बघा. मधुमेहात फोड बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून तो वाढतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच बसा आणि १०८.

आणि धावणाऱ्या सगळ्यांनाच: लांब पल्ल्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर बसते.

मुलं_मागे_लागतात
नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, मीही येणार. किती धावू द्यावं?

ओट्याशी_उभी
त्याच्या मनाने, दीड-दोन किलोमीटर, थांबत-पळत. मुलं आरंभी सुसाट सुटतात आणि चारशे मीटरवर बसतात, ते स्वाभाविक आहे. पुढे वाढवायचं ते खेळातून, अंतरातून नाही. त्याला काम द्या: दर आठवड्याचे किलोमीटर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं, बाटल्या भरणं, लेस तपासणं. काम दिलं की पहाटे आई-बाबा कुठे जातात हे त्याला त्याचं वाटतं.

पतंगदोरा
उत्तरायणाचं गंभीरपणे घ्या. १४-१५ ला रस्त्यावर धावूच नका. चायनीज दोऱ्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो दिसतो. दुचाकीवाले हँडलला तारेची कमान लावतात ते उगाच नाही. दोन दिवसांनंतरही धोका संपत नाही: झाडं, तारा, खांबांवरून तुटलेला दोरा जानेवारीअखेरपर्यंत लोंबत असतो, आणि पहाटेच्या अंधारात दिसत नाही. १७ आणि २४ तारखेचे तुमचे पल्ले नेमके त्यातच आहेत.

गळ्याभोवती जाड मफलर किंवा कापडी पट्टा, डोळ्यांवर साधा चष्मा, डोक्याला दिवा. २४ ला उजाडल्यावर, सातनंतर निघा; थंडी असते, उशीर चालतो. पायात दोरा अडकला तर झटका देऊ नका, हाताने ओढू नका, मांज्यातली काच बोट कापते. एक पाऊल मागे येऊन सैल करा, बुटाने दाबून सोडवा. मुलाला त्या पंधरवड्यात सायकलवर सोबत नेऊ नका.

नवलखी_मैदान
कुत्र्यांचंही जोडा. मागे लागलं की पळणं थांबवा, उभे राहा, नजर न मिळवता चालत बाजूला व्हा. चावलं, ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

सकाळची_पाळी
मंडळी, खूप उपयोगी. दिवस वाटून घेतले, कॅलेंडर फ्रीजवर लागलं. दोन प्रश्न उरले. दिवाळीच्या रविवारी पहाटे अभ्यंगस्नान, मग ६ किमी कधी? आणि लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री मुलाला ताप आला तर?

पहाटवारा
दिवाळीचे सहा शुक्रवारी किंवा शनिवारी उरका, फराळाचा घाणा सुरू होण्याआधी. रविवारी धावूच नका. तेल लावलेल्या तळव्यांनी बुटात पाय सरकतात, फोड हमखास.

मुलाला ताप असेल तर रात्र जागरणात जाते. तो पल्ला सोडा. पुढच्या आठवड्यात तक्त्यातला पुढचा आकडा घ्यायचा नाही, चुकलेलाच घ्यायचा. सोळा आठवड्यांत असे दोन गेले तरी शर्यत होते. सलग दोन गेले तर १८ विसरा, १६ वर थांबा. तुम्हालाच ताप असेल, किंवा खोकला छातीत उतरला असेल, तर धावणं बंद. ताप गेल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग निम्मं अंतर. नुसतं नाक वाहत असेल तर सैल धावायला हरकत नाही.

गणिती_गोत्री
शर्यतीच्या दिवसाचा वेग आत्ताच लिहून ठेवा. अडीच तासांत पूर्ण करायचं तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद. पहिले तीन किमी मुद्दाम साडेसातने. तिथे गेलेले सव्वा मिनिट पुढे सहज मिळतात. पहिल्या तिनात सहा-चाळीसने गेलात तर पंधराव्यानंतर दुपटीने फेडावे लागतात. चालत-पळत गेलात तरी चालेल, पण चालणं दमल्यावर नको, सुरुवातीपासून ठरवून: नऊ मिनिटं धाव, एक मिनिट चाल.

डबेवाली_आई
आणि त्या दिवशी दोघंही एकाच वेळी रस्त्यावर असणार, म्हणजे मुलं सासूबाईंकडे. त्यांना शर्यत संपते तिथल्या गर्दीत उभं करू नका. आदल्या दिवशी मार्ग बघून सोळा-सतराव्या किमीच्या आसपास सावलीची, बसायला ओटा असलेली जागा ठरवा. तिथे कोणत्या बाजूला उभं राहायचं तेही सांगा, नाहीतर तुम्ही उजवीकडे बघता आणि त्या डावीकडे. त्यांच्या हातात एक केळं, मीठ-साखरेची बाटली आणि कोरडा टॉवेल. बिबचा (छातीवर लावायच्या पट्टीचा) नंबर त्यांच्या फोनवर आणि कागदावरही. शर्यतीनंतर भेटायची जागा वेगळी आणि वेळ ठरलेली, कारण तिथे हमखास फोन लागत नाही.

सकाळची_पाळी
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, मी स्टूल घेऊन येते, ओटा शोधू नका.